पितरांच्या आधीचा आंबा

माधवी,

तुझं भांडं मी गंजवलं. आधी हेच सांगून टाकते, कारण पुढचं सांगायला याहून जड आहे.

त्या दिवशी तू ते माझ्याकडेच सोडून गेलीस. अजून तापलेलं होतं, आणि तीन जिने ते धूड उतरवायची तुझ्यात ताकद उरली नव्हती. "राहू दे ताई, पुढच्या वेळी नेईन," म्हणालीस. तू गेलीस आणि मी ते मोरीत घेऊन भांड्यांची पावडर आणि तारेच्या काथ्याने खसाखसा घासलं. सासूबाईंचा बिडाचा तवा माझ्याकडे अजून आहे. त्याला साबणाचा थेंब लागू देत नाही मी. कामवाल्या बाईंनाही हात लावू देत नाही. बीड कसं सांभाळायचं ते मला कुणी शिकवायला नको होतं. तरी घासलं, तू महिनोन्‌महिने तेल पाजून आणलेला तो काळा तुकतुकीत थर पार निघेपर्यंत घासलं, आणि ओलंच्या ओलं ओट्याखाली ढकलून दिलं. रागात माणूस भांडी आपटतं. मी भांडं स्वच्छ केलं. शिक्षिकेचा राग असाच असतो, टापटिपीत निघतो.

तू कायमची गेल्यावर शरद भावजींनी विचारलं, "वहिनी, ते भांडं तुमच्याकडेच आहे ना?" मी वाकून ओढून काढलं तर आतून तांबूस, खरबरीत. मी ते पुन्हा आत ढकललं आणि म्हणाले, "आहे, आहे. नीट ठेवलंय."

सगळे मला सांगतात, तुम्ही दोघी जावा कसल्या, बहिणीच होतात. भेटायला आलेला प्रत्येक जण हेच म्हणतो. मी मान हलवते. कुटुंबाच्या ग्रुपवर तुझा फोटो टाकून सगळ्यांनी चार-चार ओळी लिहिल्या. मलाही म्हणाले, ताई, तुम्ही लिहा, तुमची भाषा चांगली. मी एक ओळ लिहिली आणि पुसली. चांगल्या भाषेत लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून हे तुझ्या एकटीसाठी.

ते भांडं तू अमेरिकेहून आणलंस तेव्हा मी किती हसले होते! बँकेतून निवृत्त झालीस, ऋजुताकडे राहायला गेलीस, आणि लोक तिकडून चॉकलेटं आणतात, अत्तरं आणतात, तू बॅगेतले स्वतःचे कपडे लेकीकडे ठेवून तीन पायांचं बिडाचं पातेलं घेऊन आलीस. झाकणाला उभी कड, का, तर वर निखारे ठेवता यावेत. ऋजुता आणि जावई तुला कुठल्याशा तळ्याकाठी तंबूत राहायला घेऊन गेले होते. तिथे कुणी पीच नावाच्या फळाचं कॉब्लर करून वाढलं आणि तू वेडी झालीस. खाली फळं, वर मैद्याचं सैलसर पीठ ढेकळाढेकळांनी टाकायचं, झाकण, आणि खाली-वर विस्तव. "ताई, वरून कुरकुरीत, खालून लगदा! काय सांगू तुम्हाला," असं तू फोनवर अर्धा तास सांगत होतीस.

पण घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये विस्तव पेटवणार कुठे? गच्चीवर शेगडी नेलीस तर वॉचमनच्या मागोमाग सेक्रेटरी आले. तुमच्या त्या गच्चीवर म्हणे झाडांच्या कुंड्यासुद्धा परवानगीने ठेवतात. मग तुला डोंबिवलीतली आमची गच्ची आठवली. लिफ्ट नाही, रंग उडालेला, पण गच्चीवर कुणी पापड वाळवा, कुणी गाद्या टाका, कुणी बिडाचं पातेलं पेटवा, विचारणारं कोणी नाही. तू गाडी काढून, घोडबंदरच्या ट्रॅफिकला शिव्या घालत यायचीस आणि जिन्यातून हाक मारायचीस, "भावजी, खाली या, रणगाडा आलाय!" आणि भांडं वर आणायला हे बनियनवरच धावत जायचे.

पहिलं सफरचंदाचं. वरून करपलं, आत पीठ कच्चं. दुसरं पेरूचं, त्याच्या बिया दातात अडकून सगळे दिवसभर जीभ फिरवत बसले. मग मी मध्ये पडले. मी अलिबागकडची, आमच्या आईचं काकडीचं धोंडस असंच व्हायचं, पितळी पातेल्यात, वर-खाली विस्तव ठेवून. मी म्हटलं, "अगं, निखारे खाली थोडेच ठेव, वर जास्त. खालून लगेच लागतं. आणि सारखं झाकण उघडून बघू नकोस, लेकीच्या सासरी सारखं डोकावल्यासारखं." तू पदर खोचून हसलीस. पदर कुठला, ओढणी. तिसरं स्ट्रॉबेरीचं झालं, आणि ते झालं ते काय झालं! आपण दोघी उलट्या बादल्यांवर बसून, ताटल्या न घेता, चमच्यांनी थेट भांड्यातून खाल्लं. खाली उतरल्यावर ह्यांना सांगितलं, बिघडलं, टाकून दिलं.

दालचिनी की वेलची-जायफळ, हे आपलं भांडण तेवढं मिटलं नाही. तू म्हणायचीस, दालचिनीशिवाय ते कॉब्लरच नाही. मी म्हणायचे, दालचिनी मसालेभातात. तू एकदा चिडून म्हणालीस, "ताई, तुम्ही प्रत्येक गोष्टीला आपल्या घरात आणून बसवता, तिला तिची राहू देत नाही." मी ते हसण्यावारी नेलं.

आणखी एक राहिलं. लग्न होऊन आलीस त्यानंतर कधीतरी तू विचारलं होतंस, "ताई, मी तुम्हाला तू म्हणू?" मी म्हटलं, "म्हण की." पण ज्या सुरात म्हटलं, त्या सुराला तू ओळखलंस. उभा जन्म 'तुम्ही'च राहिले मी. गच्चीवर बादलीवर बसल्यावर वाटायचं, आता म्हण. तोंडातून काढलं नाही. मोठेपणा सोडवत नाही गं, अगदी उलट्या बादलीवर बसलं तरी.

आता आंब्याचं.

आपल्या सासरी अक्षय्य तृतीयेच्या आधी पिकलेला आंबा तोंडात घालायचा नाही. त्या दिवशी पाण्याची मातीची घागर भरायची, तिच्यावर आंबा ठेवायचा, पितरांना आमरसाचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग घरच्यांनी खायचा. पितर उपाशी असताना आपण कसं खावं, असं सासूबाई म्हणायच्या. आमच्या माहेरी झाडाखाली पडला की फळ पोटात. तिथले पितर बहुधा झाडावरच बसून खात असावेत. लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात मी कोपरीच्या त्या दोन खोल्यांत आंब्यासाठी रडले होते, खरंच रडले होते. सासूबाई म्हणाल्या, "सवय होईल." झाली.

मग तू आलीस. त्या वर्षी माझ्या भावाने अलिबागहून रायवळ आंब्यांची करंडी पाठवली होती. सासूबाईंनी पेंढ्यात घालून पलंगाखाली आढी लावली. अक्षय्य तृतीया लांब होती आणि आंबे थांबायला तयार नव्हते. घरभर वास. झोपलं तरी वास. एके दुपारी सासूबाई शेजारी गेल्या, आणि तू पलंगाखाली अर्धी शिरून म्हणालीस, "ताई, दोन सडायला आलेत. सडले तर पितर खातील का?" मी तुला ओरडायला हवं होतं. मी मोरीचा पडदा ओढला. आपण दोघी मोरीत उकिडव्या बसलो, नळ बादलीत सोडून दिला म्हणजे चोखल्याचा आवाज नको, आणि कोपरापर्यंत ओघळ येईतो आंबे चोखले. कोयी तू पर्समध्ये घातल्यास आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जाताना वाटेतल्या गटारात टाकल्यास. पर्सला महिनाभर वास येत होता. कॅशियरने विचारलं तर तू म्हणालीस, अत्तर आहे.

त्यानंतर दर वर्षी. सासूबाई असेपर्यंत दर वर्षी एकदा तरी आपला तो मोरीतला कार्यक्रम व्हायचा. नैवेद्याच्या दिवशी आमरस वाढताना सासूबाई म्हणायच्या, "घ्या गं पोरींनो, वर्षाचा पहिला आंबा," आणि आपण एकमेकींकडे बघायचं नाही असं ठरवलेलं असायचं, कारण बघितलं की संपलं. माझ्या त्या घरातल्या सुखाचा हिशेब कुणी मागितला तर मी आधी ती मोरी सांगेन.

सासूबाई गेल्या. घरं वेगळी झाली, तुम्ही घोडबंदरला, आम्ही डोंबिवलीला. तुझ्याकडे पहिली पेटी आली की फोडायचे आणि खायचे. तू ते लपवलं नाहीस, आणि मीही कधी बोलले नाही. थोरली म्हणून घागर माझ्याकडे आली, नैवेद्य माझ्याकडे आला, आणि त्याबरोबर तो नियमही माझ्या नावावर झाला. पाळत होते का? यंदाच एका लग्नात आम्रखंडाच्या दोन वाट्या खाल्ल्या मी. त्यात आंबा असतो हे मला माहीत नव्हतं असं तर नाही.

यंदाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तू सकाळीच आलीस. मीच म्हटलं होतं, लवकर ये, मदतीला. तू रणगाड्यासोबत आंब्याची पिशवी आणलीस. "ताई, आज बायकांना सरप्राइज! तुमची डाळ-पन्हं आहेच, वर माझं आंब्याचं कॉब्लर." मी म्हटलं, भाजलेला हापूस म्हणजे पाप. तू म्हणालीस, "हापूस थोडेच, बाकी बदामी आणलेत, पाप वाटून घेऊ." मग मी कैरी किसत बसले आणि तू समोर पाटावर बसून आंबे सोलत होतीस. मी किसता किसता बघत होते. हे लक्षात ठेव, मी बघत होते. तू फोडी केल्यास, साखर आणि लिंबू लावलंस, मला चाखायला चमचा पुढे केलास. मी म्हटलं, "हात खराब आहेत." तू म्हणालीस, "गंमत बघा ना ताई, कैरीची डाळ चालते, कैरीचं पन्हं चालतं, पिकली की पितरांची. कैरी काय त्यांची कुणी लागत नाही?" मी हसले. खरंच हसले होते. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगता आलं असतं, दोघीच होतो. तू चार शब्द बोलली असतीस, फोडी डब्यात भरून ठेवल्या असत्या, विषय संपला असता.

गच्चीवर विस्तव मीच फुलवला. झाकणावर निखारे मीच रचले.

मग बायका आल्या. मी दोन दिवस खपून आरास केली होती, गौर झोपाळ्यात बसवली होती, कलिंगडाची कमळं कापली होती. आणि जी ती तुझ्याभोवती. अमेरिकेचं भांडं का, बघू बघू. निखारे वर कसे ठेवतात, केवढं जड हो, तुम्ही या वयात गाडी चालवत आलात घोडबंदरहून? आमच्या मजल्यावरच्या बर्वेबाई, ज्यांनी माझ्या डाळीला इतक्या वर्षांत कधी वा म्हटलं नाही, त्या तुझा हात धरून म्हणाल्या, "माधवीताई, तुमचं बघून हुरूप येतो हो." हे आतल्या खोलीतून ओरडले, "अगं, डाळ नंतर दे, आधी माधवीचं ते येऊ दे." एवढंच. एवढंच कारण. दुसरं मोठं काही असतं तर मला बरं वाटलं असतं. काही जुनं वैर, काही अपमान. शोधून पाहिलं. नाही सापडलं.

तू भांडं खाली आणून मध्यभागी ठेवलंस. झाकण काढलंस. वास पसरला. सोनेरी, कडेने रस उकळतोय, मध्ये फुगलेलं. तुझं आजवरचं सगळ्यात सुंदर झालेलं. तू पहिली वाटी भरलीस आणि ती कुणाला न देता माझ्यापुढे धरलीस. "आधी ताईंना."

आणि मी वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "आमच्यात अक्षय्य तृतीयेपर्यंत आंबा खात नाहीत. माधवी विसरली असेल. तिच्याकडे आता पाळत नाहीत ना."

बर्वेबाई म्हणाल्या, "आमच्याकडेही नाही खात हो खरं तर." मग एकीने वाटी खाली ठेवली, मग दुसरीने. नियम नसलेल्यांनीही ठेवल्या. देवीसमोर कोण पुढे होणार?

तू माझ्याकडे बघत होतीस. तुझ्या ओठांच्या कोपऱ्यात हसू तयार होतं. तू वाट बघत होतीस मी कधी हसते त्याची. तुला वाटलं, ही गंमत चाललीय, मोरीतली. आता ताई डोळा मारतील. मी गौरीच्या झोपाळ्याला हलका झोका दिला आणि पन्ह्याचे पेले भरायला लागले.

तू एक वाक्य बोलली असतीस तर मी बायकांसमोर उघडी पडले असते. मोरी, नळ, कोयी. तुझ्या जिभेवर होतं ते, मला माहीत आहे. तू वाटीतलं परत भांड्यात ओतलंस आणि म्हणालीस, "हो की! माझं लक्षातच नाही राहिलं. ताईंनी आठवण केली ते बरं झालं." आणि सगळं डब्यात काढून घरी नेलंस.

त्यानंतर तुझा फोन आला होता. मी उचलला, पण तयारीत उचलला. तू तो विषयच काढला नाहीस. गुडघे कसे आहेत, ह्यांची तपासणी झाली का, तुमचीही करून घ्या, असं काहीबाही. शेवटी म्हणालीस, "भांडं राहू दे तुमच्याकडे. अक्षय्य तृतीयेला येते, मग करू परत. पितरांनापण वाढू थोडं." मी म्हटलं, "बघू." आपल्या दोघींमधला माझा शेवटचा शब्द 'बघू' आहे.

अक्षय्य तृतीया चार दिवसांवर आली असताना तू गेलीस. कशी, ते सगळ्यांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. सुतक दोन्ही घरांना. म्हणजे घागर नाही, आमरस नाही, नैवेद्य नाही. ज्या पितरांसाठी तुझी वाटी परत केली, त्यांना यंदा माझ्या हातचा आंबा मिळालाच नाही. कुंभाराकडून आणलेली घागर दाराशी कोरडी पडून होती. येता-जाता दिसत होती, आणि मी तिला उचलून आत ठेवत नव्हते.

बाराव्याला गुरुजींनी तुझा पिंड सासूबाईंच्या, आजेसासूबाईंच्या पिंडांत मिसळायला सांगितला. गुरुजी म्हणाले, "आता या त्यांच्यात गेल्या." मी मागे बसले होते. मला वाटलं, आता तू पितरांत. आता नियमाने तुझ्या आधी मी खायचं नाही. मला हसू आलं गं. पदर तोंडात धरला, आणि बायकांना वाटलं मी रडतेय, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. मग रडलेच.

तेरावा झाल्यावर भावजी आणि ऋजुता डोंबिवलीला आले. भावजींनी आंब्याची पेटी आणली होती, तशीच बंद. म्हणाले, "वहिनी, घरात पडून आहे. कधी फोडायची ते तुम्ही सांगा. तुम्हालाच माहीत यातलं." ते कुत्सितपणे म्हणाले असते तर मी सुटले असते. ते खरोखर विचारत होते. मी म्हटलं, "पहिला माधवीला. मग सगळे खाऊ." ऋजुता म्हणाली, "मग कॉब्लरच करूया काकू. आईच्या पॉटमध्ये."

भांडं मी तोवर जमेल तसं सावरलं होतं. गंज घासला, तेल चोळलं, तापवलं, परत तेल, परत तापवलं, सासूबाई तव्याला करायच्या तसं. तुझ्या हातासारखा काळेपणा आला नाही. ऋजुताने आत बोट फिरवलं, ते ओढणीला पुसलं आणि पेटी फोडायला गेली. तुझीच लेक.

मी त्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं, माधवी. गच्चीवर आम्ही चौघंच. भावजी आणि हे विस्तव बघत होते, ऋजुता आंबे कापत होती. मी मनात वाक्य जुळवत होते, चैत्रगौरीला मी तुझ्या आईशी वाईट वागले, असं सरळ. ऋजुताने फोडींवर लिंबू पिळलं, दालचिनी घातली, आणि पीठ कालवायला घेतलं. मी म्हटलं, "अगं, साखर?"

"नाही घालायची. मी आईला विदाउट शुगरची रेसिपी शोधून दिलेली. ती तुमच्यासाठी ट्राय करणार होती अक्षय्य तृतीयेला."

"माझ्यासाठी? का?"

ती जरा घुटमळली. मग माझ्या जवळ सरकून हळू आवाजात म्हणाली, "काकू, आईने मला सांगितलेलं. त्या हळदीकुंकवाला तुम्ही तिचं कॉब्लर घेतलं नाहीत ना, तिने घरी आल्या आल्या मला फोन केलेला. म्हणाली, ताईंना बहुतेक शुगर निघालीय, कुणाला कळू देत नाहीयेत. पन्हंपण नाही प्यायल्या. सगळ्या बायका बसलेल्या, काय सांगणार, म्हणून पितरांचं नाव काढलं. मी म्हटलं, आई, कदाचित खरंच पाळत असतील. तर ती इतकी हसली! म्हणाली, ताई? छे! ताई मला असं बोलूच शकत नाहीत, तुला माहीत नाही आमचं. काहीतरी दुखत असणार त्यांचं."

पन्हं मी प्यायले नव्हते कारण ते पुरेल की नाही याची धास्ती होती, पाहुण्यांना आधी. माझं काही दुखत नव्हतं. मागच्याच महिन्यात ह्यांच्याबरोबर माझंही रक्त तपासलं होतं, सगळं ठणठणीत.

ऋजुता माझ्याकडे बघत होती, तुझ्याच डोळ्यांनी. "खरं ना काकू? आहे ना शुगर?"

वाक्य जुळलेलं होतं, माधवी. ओठांपर्यंत आलेलं होतं. मी म्हटलं, "हो गं. थोडी आहे."

शेगडीपाशी वाकलेल्या ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग परत निखाऱ्यांकडे वळले.

पहिली वाटी तुझी. कठड्यावर ठेवली. दुसरी ऋजुताने मला दिली आणि म्हणाली, "बिनधास्त खा काकू, तुमच्यासाठीच आहे." खाल्लं. आंबा गोड होता, त्याला साखर लागतच नव्हती. वरून कुरकुरीत, खालून लगदा, तू सांगायचीस तसं. दालचिनी चांगली लागते, हेही तुझं खरं. मी वाटी संपवली, ती आणखी वाढायला आली, आणि मी दुसरीही संपवली, कारण नाही म्हणायला आता माझ्याकडे कुठलं तोंड होतं.

तेव्हापासून सगळे माझी काळजी घेतात. भावजी फोन करून पथ्य विचारतात. ऋजुताने तिकडून बिनसाखरेच्या गोळ्या पाठवल्यात. चहात साखर घालायला मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेते. ह्यांनी अजून एका शब्दाने विचारलेलं नाही, आणि ते विचारतील तेव्हा त्यांना मी सांगेन. ऋजुतालाही सांगेन, तिची आई जिला ओळखत होती ती बाई त्या दिवशी हळदीकुंकवाला नव्हतीच. पण आधी तुला सांगायला हवं होतं.

मला साखर नाही, माधवी. काहीही दुखत नव्हतं. मी तशी वागले, आणि मी तशी वागू शकते हे तुला शेवटपर्यंत पटलं नाही.